सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडण्याआधी: मुंबई बघायला येणाऱ्यांची तयारी

माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन डोंबिवलीत आले त्याला बावीस वर्षं झाली आणि तेव्हापासून दर मे महिन्यात माहेरचं कुणी ना कुणी मुंबई बघायला येतंच. निघायच्या आदल्या दिवशी फोन येतो, ‘काय काय आणू गं?’ मी म्हणते, शेंगाचटणी आणा, बाकी सगळं इथं मिळतं. एवढ्या वर्षांत आमच्या पाहुण्यांपैकी एकाचाच खिसा कापला गेला. पण धडपडलेले, चुकामूक झालेले, उन्हात चक्कर येऊन बसलेले, भलत्याच लोकलमध्ये चढलेले मोजायचे तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. आणि त्यातला झाडून प्रत्येक जण त्या वेळी घाईत होता. इथले लोक पळतात, कारण त्यांना आठ बाराची चुकली की लेटमार्क लागतो. तुम्हाला कुठं हजेरी लावायची आहे? तेव्हा खाली जे लिहिलंय ते तुमच्यावर पळायची वेळ येऊ नये एवढ्यासाठी.

घरातून निघायच्या आधी एक वही घ्या आणि चिठ्ठ्या लिहा. सगळे नंबर फोनमध्ये आहेत म्हणाल, पण मुंबईत पहिल्यांदा जातो तो फोनच. जितकी माणसं तितक्या चिठ्ठ्या: आपलं नाव, जिथं उतरणार तिथला पत्ता, इथल्या दोघांचे आणि गावाकडच्या एकाचा नंबर, आणि बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर तिचं नाव. चिठ्ठी पाकिटात नको, पाकिटाबरोबर जाते. शर्टाच्या खिशात किंवा ब्लाउजमध्ये ठेवा. शाळेत जाणाऱ्या पोरांकडून एक नंबर पाढ्यासारखा घोकून घ्या. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, दिसतो, तोही वहीत उतरवून वही घरी ठेवा. फोन गेलाच तर पोलिसात तक्रार देताना आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर फोन बंद करून घेताना तो आकडा मागतात, आणि तेव्हा तो हरवलेल्या फोनमध्ये असून उपयोग नसतो.

पैसे दोन ठिकाणी. दिवसाच्या खर्चाचे वरच्या खिशात आणि बाकीचे चोरखिशात. बाबांच्या नेहरू शर्टाला आई आतून चोरखिसा शिवायची, तो शहाणपणा अजून जुना झालेला नाही. फोनवरून पैसे देत असाल तर त्या खात्यात दोन-चार हजारच ठेवा, पीकविम्याची रक्कम आलेलं खातं फोनला जोडून मुंबईत फिरू नका. आणि पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना निघण्याआधी दोनदा सांगा. लॉजवर उतरणार असाल तर मूळ आधार लागेल, आमच्यासारख्यांकडे उतरणार असाल तर ते घरातच ठेवून झेरॉक्स घेऊन फिरा.

आता सोनं. वहिनी दरवर्षी वाद घालते की गळा मोकळा कसा ठेवायचा. मोकळा नका ठेवू, एक ग्रॅमचं घाला. साखळी ओढून पळणाऱ्यापेक्षा गोड बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू भाजी घेऊन येत होत्या. साध्या कपड्यातले दोघं आडवे आले, एकाने लांबून कसलंसं कार्ड दाखवलं. ‘मावशी, पुढं चोरी झालीय, साहेब चेकिंग करतायत, बांगड्या काढून पुडीत ठेवा.’ पुडी बांधायला त्यानेच मदत केली, वर ‘जपून जा’ म्हणाला. घरी येऊन काकूंनी पुडी सोडली तर आत खडी. दोन पाटल्या गेल्या. याच खेळाचा दुसरा प्रकार म्हणजे ‘शेठला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतायत, दागिने काढा म्हणजे गरीब दिसाल’. रस्त्यात उभं करून दागिने काढायला खरा पोलीस सांगत नाही. असं कुणी म्हणालं की तिथेच मोठ्याने ‘काय म्हणालात?’ असं विचारा, चार माणसं वळून बघतात आणि एवढं त्यांना पुरतं.

बार्शीकर कुर्डुवाडीला सिद्धेश्वरमध्ये बसतात आणि आमच्याकडे यायचं म्हणून पहाटे कल्याणला उतरतात. इथं एकच सांगणं: कर्जत गेलं की उठून बसा आणि सामान दाराजवळ आणा. झोपेत उतरताना हमखास एक पिशवी राहते. सामान जितकं कमी तितकं बरं. चाकाच्या बॅगा जिन्यावर उचलाव्याच लागतात, त्यामुळे स्वतःच्या एका हाताने उचलेल एवढीच बॅग प्रत्येकाची. स्टेशनबाहेर ‘हॉटेल पाहिजे का, गाडी पाहिजे का’ करत मागे लागणाऱ्याला उत्तरच देऊ नका. ‘नको’ म्हटलं तरी त्याच्या दृष्टीने बोलणं सुरू झालं.

लोकलबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मुंबईत जे होतं ते लोकलमध्येच होतं. साधारण सकाळी आठ ते अकरा गाड्या सीएसएमटी आणि चर्चगेटकडे भरून जातात, संध्याकाळी पाच ते नऊ तिकडून भरून येतात. म्हणून डोंबिवलीहून निघायचं अकरानंतर आणि दक्षिण मुंबईतून परतीची गाडी धरायची चारच्या आसपास. राणीचा बाग राहिला तर राहू दे, पुढच्या वर्षी बघा. रविवारी गर्दी कमी असते हे खरं, पण त्याच दिवशी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा. शनिवारच्या पेपरात कुठे ते छापून येतं. रात्री एकच्या सुमाराला लोकल थांबतात त्या पहाटे चारच्या सुमारालाच सुरू होतात, तेव्हा ‘शेवटच्या गाडीने येऊ’ हा बेत पाहुण्यांनी करू नये.

चढायच्या आधी इंडिकेटर बघायचा: जलद की धिमी, शेवटचं स्टेशन कोणतं, किती मिनिटांत. शंका आली तर शेजारच्याला ‘डोंबिवली थांबणार का?’ विचारा. मुंबईकर हसत नाही, पण चुकीचंही सांगत नाही. डब्यावर तिरके पट्टे असतील तर तो पहिला वर्ग. दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन त्यात चढलात तर भाड्यातला फरक आणि वर कमीत कमी २५० रुपये दंड. बायकांच्या डब्यात बारा वर्षांपुढचा मुलगा चालत नाही. आमचा भाचा तेरा वर्षांचा, दिसतो दहाचा, त्याला आत ओढून घेऊन वहिनीने अख्ख्या डब्याशी भांडण केलं होतं. असा मुलगा बरोबर असेल तर तो कुणाबरोबर कुठल्या डब्यात, हे फलाटावर उभं असतानाच ठरवा.

दारात उभं राहायचं नाही. वारा छान लागतो, मलाही माहीत आहे. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी धावत्या लोकलमधून खाली पडले, काही जणांचे जीव गेले. ती आमचीच लाइन, रोजची. दारात आणि खिडकीत फोन हातात धरू नका. रुळालगत काठी घेऊन उभे राहणारे हातावर फटका मारतात, फोन खाली पडतो, गाडी पुढे जाते. फोनच्या मागे उडी मारायला गेलेले जिवाला मुकले आहेत. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. उतरायच्या दोन स्टेशनं आधी उठा, फलाट कुठल्या बाजूला येणार ते विचारा आणि पुढच्याला ‘उतरणार का?’ म्हणून दाराकडे सरका. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. आजूबाजूचे चालत्या गाडीतून उतरतात. त्यांना वीस वर्षांची सवय आहे.

आणि चुकामुकीचा नियम निघण्याआधी सगळ्यांकडून वदवून घ्या. हा नियम आम्ही आत्यामुळे केला. सिद्धिविनायकाचं दर्शन करून आम्ही दादरला आलो, पावणेसहा झाले होते, म्हणजे चूक तिथेच झालेली. गाडी आली, लोंढ्याबरोबर आम्ही आत गेलो आणि आत्याची चप्पल निसटली. ती वाकली, गाडी सुटली. तिचं तिकीट भावाकडे, फोन वहिनीच्या पर्समध्ये. आत्या हुशार, रडत बसली नाही. समोरच्या वडापावच्या स्टॉलवर गेली आणि त्याच्या फोनवरून तिला पाठ असलेला एकच नंबर लावला, बार्शीत मुलाचा. मुलाने बार्शीहून मला फोन केला, की आई दादरला तेराव्या स्टुलावर, म्हणजे स्टॉलवर, बसलीय. घाईत तोही बोबडा झाला होता. तोवर भाऊ कुर्ल्याला उतरला होता आणि आत्या मागच्या गाडीने येईल म्हणून तिथेच वाट बघत होता. पाऊण तास गेला. तेव्हापासून नियम असा: जो खाली राहिला त्याने त्या जागेवरून हलायचं नाही, आणि जे गाडीतून गेले त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून मागे यायचं. दोघंही हलले तर रात्र होते. प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाकडे. आणि दादरच्या फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये बदलले आहेत, १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. कुणी जुन्या आठवणीतून आकडा सांगितला तर पाटी बघून खात्री करा.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना लोकलची हौस करायला लावू नका. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो आता पूर्ण सुरू आहे, सिद्धिविनायकाला तिचं स्वतंत्र स्टेशन आहे, सरकते जिने आहेत.

टॅक्सी-रिक्षाचं थोडक्यात. मीटरने चला. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ आणि रिक्षाचे २६ रुपये आहेत, मध्यरात्रीनंतर सव्वापट. रिक्षा वांद्रे-शीवच्या पलीकडे शहरात जात नाही, त्यामुळे फोर्टात ‘रिक्षा कुठं मिळंल?’ विचारत बसू नका, विचारलंत की नवखे आहात हे दहा जणांना कळतं. बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका, आणि तो ड्रायव्हरला दिसेल असा काढा.

समुद्र हा आपल्याकडच्या माणसांचा खरा घात करतो. आम्ही उजनीच्या पाण्याची माणसं. भरती आणि ओहोटी आपल्या अंगात नाही. पेपरात रोज भरतीच्या वेळा येतात, त्या बघून दिवस ठरवा. हाजी अलीला जायचा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो, आत गेलात तर परतीची वेळ आधी माहीत हवी. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा, खालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे त्या काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांवर, फोटोसाठी उतरू नका. शेवाळाने पाय सटकला की माणूस त्यांच्या फटीत जातो आणि वरून दिसतही नाही. जुहूला गुडघ्यापेक्षा खोल जायचं नाही, लाल झेंडा असेल तर पाय भिजवायलाही नाही, आणि मालाडच्या अक्सा बीचवर पोहायला तर मुळीच नाही. एलिफंटा सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी गेटवेहून बोटीत बसताना आधी लाइफ जॅकेट अंगात घालून बंद लावा, मग सेल्फी. १८ डिसेंबर २०२४ ला त्याच वाटेवर प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. जॅकेट उन्हात घामट वाटतं, वास येतो, तरी घाला.

जूननंतर येणार असाल तर खरं तर येऊ नका, पण आलातच तर तुंबलेल्या पाण्यातून चालायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हाच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. २९ ऑगस्ट २०१७ ची कमी आठवते. त्या दिवशी प्रभादेवीत एक नावाजलेले डॉक्टर पाण्यातून चालत घरी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. तेही कायमचे मुंबईकर होते. पाणी दिसलं की जवळच्या हॉटेलात, देवळात, दुकानात थांबा. चहा घ्या. दोन घ्या.

हे मी बायकांसाठी लिहितेय: पाणी प्या. बाहेर संडासाची सोय नाही म्हणून आपल्या बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात आणि दुपारी दोनला फॅशन स्ट्रीटवर डोळ्यांपुढे अंधारी येते. सोलापूरचं ऊन कोरडं, इथं घामानेच माणूस रिकामा होतो. मोठी स्टेशनं, मॉल, म्युझियम, सुलभ, हे थांबे दिवसाच्या आखणीत आधीच धरा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. बाटलीत मीठ-साखर घाला. चपला जुन्याच हव्यात. नव्या कोऱ्या सँडलने गेटवेपर्यंतच फोड येतात. शुगरवाल्यांच्या खिशात दोन बिस्किटं आणि गोळ्या ठरल्यापेक्षा तीन दिवसांच्या जास्त.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हे आकडे लिहा: कुठल्याही अडचणीला ११२, रेल्वेत १३९, रुग्णवाहिका १०८, पैशाची फसवणूक झाली तर तासाभराच्या आत १९३०, मुंबईत बाईमाणसाला त्रास झाला तर १०३, पाणी तुंबलं किंवा झाड पडलं तर महापालिकेचा १९१६.

परतीच्या दिवशी गाडीच्या दोन तास आधी घर सोडायचं. रात्री सिद्धेश्वरमध्ये बॅगेला साखळी आणि कुलूप, फोन चार्जिंगवरून काढून उशीखाली. आणि हो, येताना चटणी प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, मागच्या वर्षी तेल वहिनीच्या पैठणीला लागलं. स्टीलच्या डब्यात भरा आणि डबा मांडीवर घेऊन बसा.