गोधडीच्या कापडांचं बोचकं सुटलं

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून 'थोडंसंच' म्हणत आणलेले कटपीस, आईच्या सुती साड्या, शिंप्याकडच्या चिंध्या, सगळं एकाच बोचक्यात. त्यातल्या न धुतलेल्या लाल तुकड्याने पहिल्याच धुण्यात अख्खी गोधडी गुलाबी केली. आता नवं कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुते, सावलीत वाळवते. आपल्या मे महिन्यात सावलीतही लगेच वाळतं म्हणा! सुती आहे की नाही शंका आली, तर एक धागा जाळून पाहते. सुताची भुरभुरीत राख होते, पॉलिस्टरची कडक गोळी. मग इस्त्री करून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर गुंडाळते आणि पुस्तकांसारखं उभं लावते, रंगवार. वीतभराहून लहान तुकडे डब्यात. कडुनिंबाचा वाळवलेला पाला खणात असतोच. निळे तुकडे मात्र भरमसाट निघाले, पिवळा एकच.