तळघरातल्या सम्पसाठी रिटर्न पंप घेताना या चुका टाळा

फोंड्याला उतारावर आमचं घर. पुढून बैठं दिसतं, मागच्या बाजूला खाली चिऱ्याचं तळघर आहे. वर बैठकीत माशांची 300 लिटरची टाकी, खाली सम्प, म्हणजे टाकीतलं पाणी उतरून गाळलं जातं ती दुसरी टाकी. तिथून पाणी परत वर चढवतो तो रिटर्न पंप. पहिला पंप घेताना मी खोक्यावरचा ‘ताशी 3000 लिटर’ एवढाच आकडा वाचला. खाली बारीक अक्षरांत ‘हेड 3 मीटर’ लिहिलं होतं, तिकडे लक्षच गेलं नाही. बटण दाबलं, पारदर्शक नळीतून पाणी चढत चढत वर आलं आणि टाकीतल्या पाण्याच्या वीतभर खाली थांबलं. पंपात काहीच बिघाड नव्हता. मला 3.2 मीटर उंची हवी होती, त्याची धाव 3 मीटरचीच.

खोक्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो, आणि कमाल हेड म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची. म्हणून दुकानात पंपाचा आलेख मागा आणि आपल्या उंचीला किती पाणी मिळतं ते बघा. सम्पमधून ताशी टाकीच्या तीन ते पाचपट पाणी फिरलं की पुरतं. आमच्या उंचीला 5-6 मीटर हेडचा पंप लागला. उंची मोजायची ती सम्पच्या पाण्यापासून वरच्या पाण्यापर्यंत. पंप सम्पमध्ये किती खोल बुडालाय ते त्यात धरू नका.

पंपाचं तोंड 20 मिलिमीटरचं, म्हणून वरपर्यंत तेवढीच नळी नेऊ नका. आतला व्यास 32 केला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळपास दहावा हिस्सा राहतं. एल्बो, म्हणजे नळीची वळणंही कमीत कमी ठेवा.

विहिरीवरचा जुना मोनोब्लॉक पंप लावायचा मोह अनेकांना होतो. अर्ध्या एचपीचा पंप अखंड चालला तर दिवसाला 9 युनिट तरी खातो. शिवाय इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) पितळी असेल तर पाण्यात तांबं उतरतं, आणि कोळंबी, प्रवाळ त्यानं मरतात.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र लाइट गेल्यावर होतं. चतुर्थीला आम्ही दोन दिवस मूळ घरी गेलो होतो. परत आलो तर नारळांच्या राशीखाली ओल, आणि पंप कोरडा, हात लावला तर चटका बसेल असा तापलेला. लाइट गेली तेव्हा परतीच्या नळीनं वरचं पाणी उलटं खेचलं होतं. नळीचं तोंड पाण्यात 3 सेंटिमीटर बुडालेलं असलं, तर 120 बाय 45 च्या टाकीतून 16 लिटर खाली येतं. नळीतलं वेगळं. सम्प भरून वाहिला, अर्धी बादली पाणी जमिनीवर गेलं. लाइट आल्यावर पंपानं राहिलेलं पाणी वर चढवलं, सम्पमधल्या त्याच्या कप्प्यात पाणी कमी पडलं आणि तो हवा ओढत राहिला.

म्हणून जोडणी झाली की स्वतः बटण बंद करा. पाणी खाली यायचं थांबेपर्यंत तिथेच उभे राहा. सम्प काठोकाठ येत असेल तर पाणी कमी करा, पुन्हा चालू करा, आणि चालू असतानाच्या पातळीवर मार्करनं रेघ मारा. त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही. नळीला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या जरा खाली 5-6 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून उलटा ओघ तुटतो. शेवाळानं ते बुजतं, दर आठवड्याला काडी घाला. एकट्या एनआरव्हीवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हवर) विसंबू नका, एक बारीक शंख अडकला तरी तो गळतो.

इन्व्हर्टर साधा, चौकोनी लहरींचा असेल तर एसी पंप घुमतो आणि तापतो. साइन वेव्हचा घ्या. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत घाम फुटल्यासारखी ओली होते, तेव्हा प्लग आणि डीसी पंपाचा कंट्रोलर छातीच्या उंचीवर लावा. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगकडे जात नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

प्रवाह कमी करायचा तर बॉल व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या नळीवर लावा, पाणी ओढणाऱ्या बाजूला कधीच नको. त्याच्याजवळ युनियन, म्हणजे फिरवून सुटणारा नळीचा जोडही बसवा. काही महिन्यांनी पाणी मंदावलं तर नवा पंप आणण्याआधी युनियन सोडून इम्पेलर बाहेर काढा. त्यावर पांढरा थर दिसला तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, जुन्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं धुऊन परत बसवा.