जुने मानवी अवशेष सापडल्यावर बेपत्ता व्यक्तीच्या कुटुंबाने काय करावे

पडक्या विहिरीतील गाळ काढताना, रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा जुने घर पाडताना मानवी हाडे सापडल्याची बातमी येते आणि ज्या घरातून वीस-तीस वर्षांपूर्वी कोणी निघून गेले व परतले नाही, त्या घरात हे आपलेच माणूस तर नसेल, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शासकीय यंत्रणा आपणहून शोधून देईल, असे गृहीत धरू नये. बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांचे डीएनए आणि अनोळखी अवशेषांचे डीएनए यांची देशभर जुळणी करणारी, कायद्याने स्थापन झालेली नोंदपेढी आपल्याकडे नाही. तशी तरतूद असलेले विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे एका पोलीस ठाण्यातील हरवल्याची नोंद आणि दुसऱ्या पोलीस ठाण्यातील बेवारस हाडे यांची गाठ घालून देण्याचे काम बहुतेक वेळा कुटुंबालाच करावे लागते.

ही गाठ न पडल्यास काय होते, हे रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात दिसले. मे २०१२ मध्ये गागोदे बुद्रुक परिसरातील जंगलात जळालेले मानवी अवशेष सापडले, पंचनामा झाला, काही नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले गेले आणि विषय तिथेच थांबला. हे अवशेष शीना बोरा या तरुणीचे असल्याचे तपास यंत्रणेने सांगितले ते २०१५ मध्ये, आणि तेही दुसऱ्याच प्रकरणात अटक झालेल्या व्यक्तीच्या चौकशीतून धागा मिळाल्यामुळे. ही ओळख बचाव पक्षाने न्यायालयात नाकारलेली आहे, तो वाद बाजूला ठेवला तरी तीन वर्षांची ती शांतता बोलकी आहे.

दोन नोंदी एकत्र आणणे

बेपत्ता व्यक्तीची नोंद ती जिथून निघाली तेथील पोलीस ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरमध्ये असते. अवशेषांची नोंद ते जिथे सापडले तेथील ठाण्यात, सुरुवातीला बहुधा अकस्मात मृत्यू म्हणून, होते. दोन्ही नोंदींचे क्रमांक आणि वर्ष मिळवणे हे कुटुंबाचे पहिले काम आहे. जुनी पोच पावती हरवली असेल तरी नाव, साधारण महिना आणि वर्ष सांगून रजिस्टर पाहण्याची लेखी विनंती करता येते, आणि उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. येथे एक अडचण हमखास येते. तक्रार दिली त्या काळातील हद्दी आता राहिलेल्या नाहीत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये आणि मीरा-भाईंदर, वसई-विरारचे २०२० मध्ये सुरू झाले. साहजिकच १९९५ साली ठाणे ग्रामीणमध्ये दिलेली तक्रार आज कोणत्या कपाटात आहे, हे ठाणे अंमलदारालाही पटकन सांगता येत नाही. अशा वेळी मूळ पोलीस ठाण्यात जाऊन हद्द कधी आणि कोणाकडे वर्ग झाली, हे लेखी विचारावे.

क्रमांक हाती आल्यावर एकच अर्ज तयार करावा आणि तो दोन्ही पोलीस ठाण्यांना, तसेच दोन्हीकडच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना द्यावा. त्यात बेपत्ता व्यक्तीचे नाव, बेपत्ता होतानाचे वय, उंची, शेवटचे दिसण्याचे ठिकाण, दोन्ही नोंदींचे क्रमांक आणि दोन स्पष्ट मागण्या असाव्यात: पहिली, सापडलेल्या अवशेषांची तुलना या व्यक्तीशी करावी, दुसरी, त्यासाठी नातेवाइकांचे डीएनए नमुने घ्यावेत. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नये. केवळ तोंडी भेटीगाठींवर विसंबू नये, कारण तपासी अंमलदाराची बदली होते आणि पुढच्या अधिकाऱ्याला कागदाशिवाय काहीच ठाऊक नसते.

अवशेषांची बातमी कानावर आली नसली तरी शोध घेता येतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अनोळखी मृतदेहांची माहिती असते आणि दिल्ली पोलिसांनी सुरू केलेल्या झिपनेट या प्रणालीवर बेपत्ता व्यक्ती व अनोळखी मृतदेह यांची यादी पाहता येते. मात्र जुन्या कागदी नोंदी तेथे सापडतीलच, अशी अपेक्षा धरू नये.

पाहण्याआधी लिहून काढणे

पोलीस वस्तू किंवा छायाचित्रे दाखवण्यास बोलावतील, त्याआधी घरातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीने आपल्याला जे आठवते ते स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता लिहून, तारीख घालून सही करावी. वस्तू पाहिल्यावर मन आठवणींना त्या वस्तूचा आकार देऊ लागते आणि ती ओळख पुढे उलटतपासणीत टिकत नाही. आधी लिहिलेले वर्णन मात्र पुराव्याला बळकटी देते.

काय लिहावे, याचा विचार हाडांसोबत काय शिल्लक राहते यावरून करावा. गोंदण, तीळ, त्वचेवरील व्रण हे वर्षानुवर्षांनंतर उपयोगी पडत नाहीत. जुने अस्थिभंग, हाडात बसवलेली पट्टी किंवा सळई, दातांतील फट, काढलेली दाढ, दाताला बसवलेली टोपी आणि वाकडा पुढचा दात हे तपशील निर्णायक ठरू शकतात. हाडात बसवलेल्या साधनांवर अनेकदा उत्पादनाचा क्रमांक असतो, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातील कागद शोधावेत. दंतवैद्याकडची क्ष-किरण चित्रे मिळाली तर उत्तमच, पण आपल्याकडे ती क्वचितच असतात. त्यांच्याऐवजी हसताना दात दिसत असतील असे लग्नातले किंवा शाळेतले छायाचित्र द्यावे. कवटी आणि छायाचित्र एकमेकांवर ठेवून तुलना करण्याच्या पद्धतीसाठीही तेच लागते. वस्तूंमध्ये जोडवी, मंगळसूत्राच्या वाट्या, सोनाराची खूण असलेली अंगठी, ताईत, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल आणि सदऱ्याच्या कॉलरमागचे शिंप्याचे लेबल यांना महत्त्व आहे.

लहानशी वस्तू किती काळ साक्ष देते, याची सैन्यातील दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत. सियाचिनमध्ये २९ मे १९८४ रोजी हिमस्खलनात बेपत्ता झालेल्या कुमाऊं रेजिमेंटच्या चंद्रशेखर हरबोला यांचे अवशेष ऑगस्ट २०२२ मध्ये सापडले आणि ओळख पटली ती सैन्यक्रमांक कोरलेल्या धातूच्या चकतीमुळे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले, १०२ जण असलेले वायुदलाचे एएन-१२ विमान रोहतांग परिसरात नाहीसे झाले; त्यातील चार मृतदेह सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाले, तेव्हा ओळख पटवताना खिशातील कागदपत्रे कामी आली. हे बर्फात घडले. कोकणातील आम्लधर्मी तांबड्या मातीत आणि चार महिन्यांच्या पावसात कागद तर सोडाच, हाडेही झिजतात. म्हणून आपल्याकडे खरा भार धातूच्या वस्तू, दात आणि डीएनए यांच्यावरच पडतो.

डीएनए चाचणी: कोणाचा नमुना द्यावा

प्रयोगशाळेपुढचा पहिला प्रश्न हाडे मानवी आहेत का, हा असतो. त्यानंतर ओटीपोटाच्या हाडांवरून लिंग, लांब हाडांवरून उंची, तसेच दात व सांध्यांवरून वय यांचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज जुळत नसेल तर डीएनएपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही आणि कुटुंबाने त्या उत्तराचा स्वीकार करावा, हे बरे. जुळत असेल तर मांडीचे हाड, दात किंवा कानाजवळचा कवटीचा घट्ट भाग यांतून डीएनए काढण्याचा प्रयत्न होतो. शव जपण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मालिन डीएनएची नासाडी करते, म्हणून हाडे कोरडी ठेवावीत आणि फॉर्मालिनमध्ये घालू नयेत, अशी विनंती अर्जात करण्यास हरकत नाही. ती आगाऊपणा ठरत नाही.

नातेवाइकांपैकी सर्वांत मोलाचे नमुने आई, वडील आणि मुलांचे असतात. ते हयात असतील तर इतरांकडे वळूच नये. पण तीस वर्षांनंतर आईवडील नसण्याचीच शक्यता अधिक असते, आणि जुन्या हाडांतून पेशीकेंद्रातील पुरेसा डीएनए निघेलच, याचीही खात्री नसते. तेव्हा मायटोकॉन्ड्रियल डीएनए उपयोगी पडतो. तो प्रत्येक पेशीत मोठ्या संख्येने असतो, त्यामुळे जीर्ण हाडातही टिकण्याची शक्यता जास्त असते, आणि तो फक्त आईकडून मुलांकडे जातो. येथे नात्यांचा हिशेब नीट लावावा लागतो. बेपत्ता व्यक्तीचे सख्खे भाऊ-बहीण, मामा, मावशी, मावशीची मुले, आईची आई आणि बहिणीची मुले यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बेपत्ता व्यक्तीशी जुळतो. काका, आत्या आणि त्यांची मुले रक्ताची असली तरी या चाचणीत त्यांचा उपयोग नाही. बेपत्ता व्यक्ती स्त्री असेल तर तिची मुले चालतात. पुरुष असेल तर त्याच्या मुलांमध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्यांच्या आईचा असतो, म्हणून ती या एका चाचणीपुरती बाद ठरतात. याउलट पुरुषांसाठीची वाय गुणसूत्राची चाचणी वडील, भाऊ, मुलगा, काका, चुलतभाऊ (काकांचा मुलगा) आणि पुतण्या यांच्यावर चालते. या दोन्ही चाचण्या एकाच वंशरेषेतील सर्वांना सारख्याच जुळतात, त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाला वय, उंची, वस्तू आणि परिस्थिती यांची जोड असावी लागते.

घरातील कोणी वृद्ध असेल तर त्यांचा नमुना लवकर घेण्याची विनंती अर्जात ठळकपणे करावी. आई गेल्यावर तिच्या नमुन्याची भरपाई चार मावसभावांनी मिळूनही होत नाही. बेपत्ता व्यक्तीचा स्वतःचा नमुना अनपेक्षित ठिकाणी मिळू शकतो: जपून ठेवलेला दुधाचा दात, जुना दाढीचा वस्तरा, किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासणीनंतर मेणात जपलेला गाठीचा तुकडा. अशा वस्तू स्वतः हाताळू नयेत. त्या कागदी पाकिटात ठेवून पंचनाम्यानेच पोलिसांच्या ताब्यात द्याव्यात.

नमुना देणाऱ्याची लेखी संमती घेतली जाते. रक्त किंवा गालाच्या आतील पुसणी शासकीय रुग्णालयात, पंचांसमक्ष घेऊन मोहोरबंद केली जाते आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाते. राज्याचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे आहे आणि नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती यांसारख्या ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. नमुना गेल्याची तारीख आणि जावक क्रमांक तपासी अंमलदाराकडून लिहून घ्यावा, कारण पुढे काही महिने पाठपुरावा याच क्रमांकावर होतो. खासगी प्रयोगशाळेतील चाचणी मनाच्या समाधानासाठी करता येते, तरी फौजदारी न्यायालयात तिच्यावर विसंबू नये.

मूळ हाडे मुद्देमाल म्हणून कोठे ठेवली आहेत, हेही विचारत राहावे. पेणच्या प्रकरणात खटला सुरू असताना २०२४ मध्ये सरकारी पक्षाने हाडे सापडत नसल्याचे न्यायालयाला सांगितले होते आणि नंतर ती दिल्लीतील सीबीआयच्या कोठारात असल्याचे कळवले. इतक्या गाजलेल्या खटल्यात असे होऊ शकते, तर तालुक्याच्या ठाण्यातील गाठोड्याची चौकशी वर्षातून एकदा करण्यात गैर काहीच नाही.

गुन्ह्याचा तपास

घातपाताची शक्यता दिसत असेल तर प्रथम खबर नोंदवण्याची मागणी करावी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. नोंद नाकारल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर कलम १७५ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. खुनाच्या गुन्ह्याला कालमर्यादा नाही. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ रोजी लागू झाले; घटना त्यापूर्वीची असल्याने कलमे जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतील, म्हणजे खुनासाठी ३०२ आणि पुरावा नष्ट करण्यासाठी २०१. पूर्वी गुन्हा नोंदवून तो ‘ए समरी’ म्हणून, म्हणजे खरा पण उलगडा न झालेला म्हणून, बंद केला असेल तर नव्या पुराव्यावर पुढील तपास करता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे आणि ती आठवण करून देण्यास संकोच करू नये. दफन केलेले अवशेष पुन्हा बाहेर काढण्याचा आदेश कलम १९६ खाली दंडाधिकारी देतात. अशा चौकशीत शक्य तेथे नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यावे, असेही त्या कलमात आहे.

एक गोष्ट सांगणे अवघड असले तरी टाळता येत नाही. अशा प्रकरणांत संशयित अनेकदा नात्यातला किंवा शेजारचा निघतो. म्हणून नमुने कोणी दिले, कोणती वस्तू ओळखली, पोलिसांनी काय विचारले, याची चर्चा भावकीत करू नये आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायला जाऊ नये. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ताबा, अंत्यविधी आणि मृत्यूची नोंद

ओळख निश्चित झाल्यावर अवशेष ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करावा. खटला चालू असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. दहनानंतर फेरचाचणी अशक्य होते, म्हणून आवश्यक तेवढा भाग प्रयोगशाळेत राखून ठेवल्याची लेखी खात्री करूनच अंत्यविधी ठरवावा. अनेक हिंदू कुटुंबांनी बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन, आधीच केलेला असतो. आता पुन्हा काय करावे, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गुरुजींना आणि आपल्या मनाला विचारावे.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते. एक वर्षाहून अधिक विलंब झाल्यास जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. अर्जासोबत शवविच्छेदन अहवाल, डीएनए अहवाल, पंचनामा आणि बेपत्ता नोंदीची प्रत जोडावी. सात वर्षे ठावठिकाणा नसल्याच्या आधारावर कुटुंबाने पूर्वीच न्यायालयाकडून मृत्यूची घोषणा मिळवली असेल तर काम थोडे किचकट होते. हे गृहीतक, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे, मृत्यू झाल्याचे मानते, तो कोणत्या दिवशी झाला हे सांगत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या निकालात हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे जुन्या दाखल्यावरील तारीख आणि नव्या अहवालातून दिसणारा मृत्यूचा काळ यांत तफावत असेल तर दुरुस्तीसाठी वकिलामार्फत अर्ज करावा. हप्ते थकल्याचे कारण देऊन पूर्वी नाकारलेला विम्याचा दावा, मृत्यू हप्ते चालू असतानाच झाल्याचे अहवालातून दिसत असल्यास, याच कागदांसह विमा कंपनीकडे पुन्हा मांडता येतो. वारसांच्या फेरफार नोंदी आणि निवृत्तिवेतनाची थकबाकी यांचे अर्जही दुरुस्त दाखला हाती आल्यावरच करावेत, म्हणजे प्रत्येक कार्यालयात एकच तारीख जाईल.