बोटॉक्स घेतलंय हे कळू नये म्हणून

बोटॉक्स घेतल्यावर चेहरा ठोकळा होतो, ही भीती अगदीच खोटी नाही. पण तसं होतं तेव्हा औषध बहुधा चुकीच्या स्नायूत, चुकीच्या उंचीवर किंवा गरजेपेक्षा जास्त गेलेलं असतं. हे इंजेक्शन त्वचा भरत नाही आणि ताणतही नाही. नसेकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा निरोप ते तीन-चार महिने अडवून धरतं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे कुठली हालचाल थांबवायची आणि कुठली राहू द्यायची, हे क्लिनिकमध्ये जाण्याआधीच ठरवलेलं बरं.

घरीच खिडकीजवळ आरसा घेऊन बसा. रागावल्यासारखं करा, भुवया उचला, मोकळं हसा. हालचालीबरोबर येऊन जाणाऱ्या रेषांवर इंजेक्शन छान काम करतं. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या रेषा मात्र फक्त सौम्य होतात. त्या पुसून टाकायच्या हट्टाने डोस वाढवत नेला की रेष तिथेच राहते आणि कपाळ हलेनासं होतं.

आता दुसरी तपासणी, जी बहुतेक जण करतच नाहीत. डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा आणि सावकाश डोळे उघडा. उघडताना भुवया वर सरकल्या, तर पापण्यांवरच्या सैल त्वचेचं ओझं तुमच्या कपाळाचा स्नायू दिवसभर उचलून धरतोय असं समजा. पन्नाशीच्या पुढे हे बरेचदा आढळतं. भुवई वर उचलणारा स्नायू हाच. तो सैल केला की भुवया खाली येतात, डोळे बारीक दिसतात, काजळ वरच्या पापणीला लागतं. अशा चेहऱ्याने कपाळावर इंजेक्शन घेऊच नये, घेतलंच तर अगदी वरच्या भागात, थोडंसं.

मात्रा युनिटमध्ये मोजतात आणि प्रत्येक ब्रँडचं युनिट वेगळं असतं. दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा नेहमीचा डोस २० युनिट आहे, त्याच जागी डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचा ५० युनिट. म्हणून मैत्रिणीला किती दिलं याची तुलना ब्रँड विचारल्याशिवाय करू नका. बोटॉक्सची १०० युनिटची व्हायल (औषधाची कुपी) २.५ मिली सलाइनमध्ये मिसळली की ०.१ मिलीमध्ये ४ युनिट येतात. हेच प्रमाण ५ मिलीचं केलं तर तेवढ्याच थेंबात २ युनिट उरतात आणि औषध जास्त पसरण्याची शक्यता वाढते. ‘एका भागाचे इतके रुपये’ अशी ऑफर असेल तर युनिट किती, हे विचाराच.

भुवयांमधले २० युनिट पाच ठिकाणी चार-चार असे जातात: एक नाकाच्या मुळाशी, दोन-दोन प्रत्येक भुवईकडे. इथे हात आखडण्याचं कारण नाही, कारण ही जागा सैल झाल्याने चेहरा निर्जीव दिसत नाही, उलट त्रासिकपणा जातो. पुरुषांचे स्नायू जाड असल्याने त्यांना बरेचदा जास्त लागतं. डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी प्रत्येक बाजूला १२ युनिटपर्यंत देतात, पण हसताना डोळ्यांच्या कडेला थोडी घडी पडायलाच हवी. ती पूर्ण गेली की फक्त ओठ हसतात. पहिल्या खेपेला इथे ६ ते ८ पुरे. गालाच्या हाडाजवळ फार खाली टोचलं तर हसू वाकडं होऊ शकतं.

खरी गडबड होते ती कपाळावर. लेबलवरचा डोस २० युनिटचा आहे, तोही भुवयांमधल्या डोसच्या जोडीने. चेहरा हलता ठेवायचा असेल तर ८ ते १२ पासून सुरुवात करून थांबावं. सर्वांत खालची टोचणी भुवईपासून साधारण २ सेंटीमीटर वर हवी. भुवयांमधली जागा सोडून नुसतं कपाळच सैल केलं तर भुवया खाली ओढणारे स्नायू मोकळे राहतात आणि त्यांचंच चालतं. फक्त कपाळाचा मधला भाग धरला तर भुवयांची बाहेरची टोकं वर चढतात, आणि शांत बसलेली बाई मालिकेतल्या खाष्ट सासूसारखी दिसू लागते. हा दोष सुधारणं सोपं आहे: चढलेल्या बाजूला वरच्या अंगाला १-२ युनिट दिले की भुवई उतरते.

पापणी उतरणं त्याहून त्रासाचं. भुवयांमधलं औषध डोळ्याच्या खोबणीत उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचलं की हे होतं. म्हणून भुवईच्या मध्याजवळची टोचणी हाडाच्या कडेपासून किमान १ सेंटीमीटर वर देतात. झालंच तर बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुटतं. तोपर्यंत डॉक्टर देतात त्या थेंबांनी पापणी मिलीमीटर-दोन मिलीमीटर वर येऊ शकते.

नाशिकमध्ये कॉलेज रोड असो की नाशिकरोड, टोचणारा हात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेल्या डॉक्टरचा हवा, शक्यतो त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी हे करून घेऊ नका. व्हायल समोर दाखवायला सांगा, बॅच नंबर आणि मुदत पाहा. फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना घेऊ नये. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, त्या जागी संसर्ग, रक्त पातळ करणाऱ्या किंवा अँटिबायोटिक गोळ्या, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी (डिस्पोर्टसाठी) हे सगळं आधी सांगा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

परिणाम तीन ते पाच दिवसांत जाणवू लागतो, पूर्ण दिसतो दोन आठवड्यांनी. म्हणून घरात लग्न असेल तर निदान चार आठवडे आधी जा: दोन आठवडे परिणामासाठी, बाकीचे दुरुस्तीला. हळदीच्या आदल्या दिवशी तर नकोच. पाच बायका प्रेमाने कपाळ-गाल चोळतात आणि टोचल्याच्या खुणा निळ्या पडलेल्या असल्या तर फोटोतही दिसतात. रंगपंचमीच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा म्हणजे उडी मारायची असेल तर तीही निदान त्या दिवसापुरती टाळा. पहिले चार तास आडवं होऊ नका, चेहरा दाबू नका. चोवीस तास फेशियल, चंपी, शीर्षासन आणि पांडवलेणीच्या पायऱ्या बाजूला. यातल्या बऱ्याच सूचनांमागे भक्कम पुरावा नाही, पण पाळायला काही लागत नाही. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर मात्र वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जाताना आधी आणि नंतर काढलेले, एकाच उजेडातले फोटो न्या: शांत चेहरा, रागावलेला, हसणारा. कमी वाटलं तर तेव्हा वाढवता येतं. जास्त झालेलं काढून घेणारं औषध नाही. ब्रँड, युनिट आणि टोचलेल्या जागा कागदावर लिहून घ्या. पुढचा पूर्ण डोस तीन महिन्यांच्या आत नको. लवकर-लवकर आणि मोठे डोस घेतल्याने शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन परिणामच न होण्याचा धोका असतो.