पहिलं कॉमिक आठ पानांचं करा, पण पूर्ण करा

कॉमिक करायला घेणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात आधी महाकथाच येते. अनेक भाग, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, स्वतःचं वेगळं विश्व. पात्रांच्या चित्रांनी वह्या भरतात आणि पहिला भाग मात्र अर्ध्यावर थांबतो. त्यामुळे माझा आग्रह एकच आहे: चार किंवा आठ पानांची गोष्ट निवडा आणि ती शेवटच्या चौकटीपर्यंत न्या. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच होतात, त्यामुळे हा आकार छापायलाही सोयीचा. शिवाय नुसत्या सुरुवाती करत राहिलं, तर गोष्ट संपवायची कशी हे शिकायचं राहूनच जातं.

गोष्ट पानांत वाटून घ्या

कोणाला काय हवंय आणि त्याच्या आड काय येतंय, हे एका वाक्यात लिहा. मग कागदावर 1 ते 8 आकडे घालून प्रत्येक पानावर काय घडणार ते एकेका ओळीत मांडा. एखाद्या पानासमोर काहीच लिहिता येत नसेल, तर ते पान नकोच आहे.

पटकथा

पान क्रमांक, चौकट क्रमांक, चित्राचं वर्णन आणि संवाद, एवढ्यावर पटकथेचं काम भागतं. नव्या लेखकांची गाडी अडते ती चौकटीच्या वर्णनात. ‘तो दार उघडतो, आत येतो, दिवा लावतो आणि खुर्चीत कोसळतो’ हे लिहायला सोपं आहे, पण यात चार क्षण आहेत आणि चौकटीत मावतो एकच. त्यातला कोणता दाखवायचा, हे लेखकानेच ठरवायला हवं. कोसळलेला माणूस आणि मागे उघडंच राहिलेलं दार दाखवलं, तर बाकीचं वाचक स्वतः जोडून घेतो. दोन चौकटींमधली मोकळी पट्टी असते ती यासाठीच.

शब्द मोजायची सवय लावा. अमेरिकी कॉमिक व्यवसायात एक जुना हिशेब सांगतात: एका चौकटीत जास्तीत जास्त 35 शब्द, म्हणजे सहा चौकटींच्या पानावर 210. ही कमाल मर्यादा समजा. संवादाच्या एका फुग्यात 20-25 शब्दांच्या पुढे गेलात, की चित्र झाकलं जायला लागतं. आणि चित्रात पाऊस दिसत असेल, तर ‘पाऊस पडत होता’ असं वर लिहू नका.

कच्चे आराखडे: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पूर्ण पान काढण्याआधी ते तळहाताएवढ्या आकारात काढा. काड्यांची माणसं चालतील. एकाच पानाचे तीन-चार आराखडे करून पाहा, कारण या टप्प्यावर खोडायला दोन मिनिटं लागतात आणि शाई झाल्यावर दोन दिवस. चित्रकला अजिबात येत नसलेल्या लेखकानेही हे करावं. चौकटीत काय मावत नाही, ते हातात पेन्सिल घेतल्याशिवाय कळत नाही.

आराखड्यात पाहायचं ते डोळ्यांच्या प्रवासाकडे. मराठी वाचक डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जातो, त्यामुळे जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे असावा. तो उजवीकडे असेल, तर त्याचा फुगा वर चढवावा लागतो. दोन पात्रं समोरासमोर बोलत असतील, तर त्यांच्यामध्ये एक रेषा कल्पून सगळ्या चौकटींत तिच्या एकाच बाजूने बघा. नाहीतर त्यांनी मध्येच जागा बदलल्यासारख्या वाटतात. मोठी चौकट महत्त्वाच्या क्षणासाठी राखून ठेवा. सगळ्याच मोठ्या केल्या, तर एकही मोठी वाटणार नाही. संवाद नसलेली चौकट वेळ लांबवते. दुःखाच्या प्रसंगात तिचा उपयोग करा, तिथे शब्दांहून ती जास्त काम करते.

छापील पुस्तकात पान उलटण्याचाही विचार करावा लागतो. विषम क्रमांकाचं पान उजवीकडे येतं. धक्का द्यायचा असेल, तर उत्सुकता विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत वाढवा आणि उलगडा पुढच्या सम पानावर करा. समोरासमोरच्या पानांवर हे केलंत, तर वाचकाची नजर आधीच पलीकडे पोचलेली असते.

आराखडे झाले, की संवाद झाकून कोणाला तरी दाखवा. त्या व्यक्तीला काय घडतंय ते साधारण सांगता आलं, तर पुढे जा.

पेन्सिल आणि शाई

अमेरिकी पद्धतीत 11 बाय 17 इंचांच्या कागदावर साधारण 10 बाय 15 इंचांत चित्र काढतात आणि छापताना ते सुमारे दोन-तृतीयांश होतं. म्हणून फार बारीक रेषा टाळा. एका वस्तूची कड दुसरीच्या कडेला नेमकी चिकटली, की चित्रातला खोलपणा नाहीसा होतो. त्या एकमेकींवर नेऊन झाका किंवा स्पष्ट लांब ठेवा. संगणकावर काम करत असाल, तर काळ्या-पांढऱ्या रेषांसाठी 600 डीपीआय (दर इंचात ठिपके) आणि रंगीत पानांसाठी 300 धरा. चित्र कागदाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल, तर कापण्यासाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्तीचं काढा.

अक्षरं

उत्तम चित्रांचं कॉमिक ढिसाळ अक्षरांमुळे हौशी दिसतं. देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा. फॉन्ट ताणून जागेत बसवू नका, त्यापेक्षा वाक्य छोटं करा. काही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग वेगळी चालू करावी लागते, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. एक वाक्य टाकून आधीच तपासा. फुग्याचं शेपूट बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने जावं आणि थोडं अलीकडेच थांबावं.

दोघांनी मिळून करताना

लेखकाचं पान तासाभरात होऊ शकतं, पण व्यावसायिक चित्रकाराचाही एका पानामागे दिवस जातो. हे लक्षात ठेवून मुदती ठरवा. पात्रांची मालकी कोणाची, पैसे कसे वाटायचे, मुखपृष्ठावर नावं कशी येणार, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. मैत्री असेल तर नक्कीच लिहा. ‘पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल’ असं सांगून कोणाकडून शंभर पानं काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

दाखवताना

संपादकाला एकेकटी देखणी चित्रं पाठवण्यापेक्षा एकाच प्रसंगाची सलग तीन ते पाच पानं पाठवा. त्यात मारामारीबरोबर खोलीत बसून बोलणाऱ्या दोन माणसांचं साधं पानही असू द्या, कारण कथा सांगता येते की नाही ते तिथे दिसतं. लेखकाने नुसती पटकथा पाठवण्याऐवजी एक पानी सारांशासोबत पूर्ण झालेलं छोटं कॉमिक जोडावं. न मागवलेली लांब पटकथा वाचायला संपादकांकडे सहसा वेळ नसतो. प्रत्येक प्रकाशनाचे साहित्य पाठवण्याचे नियम वेगळे असतात, ते वाचून त्याच आकारात फाइल तयार करा. उत्तर येईपर्यंत पुढची आठ पानं सुरू करा.