मेंढरांमागे आयुष्य काढलेल्या आईवडिलांना शहरात आणताना

दिवाळीनंतर माण, खटाव, फलटणकडच्या कोरड्या पट्ट्यातून धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह एकत्र फिरणारी कुटुंबे, घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाहेर पडतात. त्यांतले काही कोकणात उतरून शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवतात, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. या जगण्यात काठी मुलाच्या हाती गेली तरी मुक्काम कुठे टाकायचा हे म्हाताऱ्यालाच विचारले जाते. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याला काही विचारणारे कोणी उरत नाही, आणि माझ्या मते तो खचतो तो यामुळेच.

म्हणून वर्षाचे दोन भाग करावेत. वाडा गावी असतो त्या पावसाळ्यात आईवडिलांना शहरात आणून मोतीबिंदू, रक्तदाब, गुडघे यांचे उपचार उरकावेत, आणि पाय साथ देत आहेत तोवर दिवाळीनंतर काही आठवडे त्यांना वाड्यावर जाऊ द्यावे. राज्यात एसटीचा प्रवास ६५ ते ७५ वयापर्यंत अर्ध्या तिकिटात आणि ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर मोफत आहे. सोबत देताना सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या दोन वेगळ्या रंगांच्या कापडी पिशव्यांत बांधून द्याव्यात, कारण पालात कंदिलाच्या उजेडात चिठ्ठी वाचली जात नाही.

शहरात शक्यतो तळमजल्यावरचे घर पाहावे आणि जमिनीवर घोंगडी टाकून झोपायची सवय मोडू नये, मात्र गुडघे दुखत असतील तर उठताना धरायला भिंतीला दांडा बसवावा. आमचे आबा पहिला महिनाभर रात्री कुत्री भुंकली की उठून बाल्कनीत उभे राहत. आम्ही झोपेच्या गोळीचा विचार करू लागलो होतो, आणि लांडगा आला की काय हे पाहायला ते उठतात, हे आईने सांगितले तेव्हा कुठे आम्हाला कळले. अशा जागरणाला लगेच आजार समजू नये. आधी कारण विचारावे.

कागदपत्रे वेळेत पाहावीत. वृद्धांना दरमहा निवृत्तिवेतन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी वय किमान ६५, राज्यातील रहिवास १५ वर्षे आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. आधारवर अंदाजाने लिहिलेले वय अर्जाआधीच तपासावे. कष्टाने बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय मागावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज संध्याकाळी वाड्यावर फोन लावून द्यावा. कोकरू पाय टेकत नाही असे पुतण्या सांगतो, तेव्हा आबा विचारतात, "कोणता पाय? खुरात काटा हाय का बघितलंस?" मग काटा सापडेपर्यंत ते फोन खाली ठेवू देत नाहीत, आणि त्या रात्री जेवताना एक भाकरी जास्त मागून घेतात.