यादवीचं सचित्र पुस्तक घेताना चित्राखालची ओळ आधी वाचा

एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतला तेव्हा तिथल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीवर, म्हणजे उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या आपसातल्या युद्धावर, पुस्तक हवं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून एसटीनं नागपूर गाठलं आणि कापसाच्या चुकाऱ्यातले साडेआठशे रुपये मोजून चुकीचं पुस्तक आणलं. ते अजून सलतं.

पुस्तक देखणं होतं. गेटिसबर्गच्या लढाईचं दोन पानभर रंगीत चित्र, तोफांचा धूर, धावते शिपाई. सेमिनारमध्ये मी त्याला प्रत्यक्ष पुरावा म्हटलं. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "हे कोणी काढलं, कधी?" चित्राखाली फक्त लढाईचं नाव होतं. लढाई १८६३ ची. चित्र निघालं १८८४ चं, शिळाछापाचं, म्हणजे दगडावर काढून छापलेलं.

एवढं पक्कं ध्यानात घ्या. तेव्हा फोटो काचेच्या ओल्या प्लेटवर निघायचा. प्लेट वाळायच्या आत फोटो घेऊन धुवावा लागे, शिवाय समोरचं सगळं काही सेकंद स्थिर हवं. धावता शिपाई त्यात सापडणार कसा? म्हणून फोटो आहेत ते छावण्यांचे, अधिकाऱ्यांचे आणि लढाईनंतर पडलेल्या प्रेतांचे. ऐन धुमश्चक्रीचं चित्र दिसलं की ते हातानं काढलेलं समजा आणि साल शोधा. रणांगणावर बसून केलेल्या रेखाटनाला मोल आहे, वीस वर्षांनी रंगवलेल्याला तेवढं नाही. फोटोही तपासा: त्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या अलेक्झांडर गार्डनरच्या गेटिसबर्गमधल्या प्रसिद्ध फोटोतलं प्रेत दुसरीकडून उचलून दगडांच्या आडोशाला ठेवलेलं होतं. चांगलं पुस्तक हे लपवत नाही.

"चित्रांची पुस्तकं पोरांसाठी, नोट्स पाठ करा" म्हणणाऱ्या सरांचं ऐकू नका. नोट्सवर पेपर निघतो, विषय कळत नाही.

पण घाबरू नका, दुकानात उभ्यानं दहा मिनिटं चाळलं तरी पुस्तक ओळखता येतं. शेवटच्या सूचीत कापूस आहे का बघा. उत्तरेच्या आरमारानं गुलामगिरीवर कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला भाव चढला आणि युद्ध संपल्यावर पडला. ज्या पुस्तकाला गुलामगिरी आणि कापूस सोडून फक्त सेनापती दिसतात, ते मी आता घेत नाही.

ते पहिलं पुस्तक अजून जवळ आहे. जिल्हा ग्रंथालयात बसून एकेका चित्राखाली पेन्सिलनं साल आणि चित्रकाराचं नाव लिहितो. एकवीस चित्रं उरली आहेत.